सात तासांचं सिंगापूर, चार तासांची रत्नागिरी: लेओव्हर टूरचं गणित

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे कसं", "तर" थोडे कमी केलेत, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय. वेळ नसेल त्यांनी मधले मथळे बघून हव्या त्या ठिकाणी उडी मारा.)

[००:००] प्रश्न कुठून आला

भाट्येहून तुमचं स्वागत. मागून घोंघों असा आवाज येत असेल तर तो माइकचा दोष समजू नका. सुरूच्या बनातून वारा सुटलाय आणि खिडकी लावली तर मला उकडतं.

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झाला. माझी मावसबहीण शिकायला मेलबर्नला चाललीय. तिकीट मुंबई-सिंगापूर-मेलबर्न. सिंगापूरला साडेसात तासांचा थांबा. तिनं विचारलं, "दादा, तिथे म्हणे विमानतळावरनंच फुकट शहर दाखवायला नेतात. जाऊ का? आई म्हणते, विमानतळाबाहेर पाय टाकायचा नाही म्हणजे नाही."

घरातून परदेशी जाणारी ही पहिलीच मुलगी. कर्ज काढून फी भरलेली. तिकिटाचे पैसे वेगळे. त्यामुळे मावशीची भीती काही उगाच नाही. आणि दुसरीकडे, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या देशात उतरून काचेतनं नुसती विमानं बघत बसायचं, हेही जिवावर येणारच.

मी तिला लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. म्हटलं, बस, दोन हिशेब करू. एक पासपोर्टचा, एक घड्याळाचा. दोन्ही जुळले तर जा, एक जरी चुकला तर विमानतळावरच थांब. आज तेच दोन हिशेब तुमच्यासमोर मांडतो. आणि मग गाडी मुंबईला आणतो आणि शेवटी आपल्या रत्नागिरीला, कारण लेओव्हर काही फक्त परदेशातच होत नाही.

[०२:१०] लेओव्हर, स्टॉपओव्हर आणि टूर

आधी शब्द साफ करू. एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायच्या मधला जो थांबा, तो लेओव्हर. आंतरराष्ट्रीय प्रवासात हा थांबा साधारणपणे २४ तासांच्या आत असेल तर त्याला ट्रान्झिट किंवा लेओव्हर म्हणतात. त्याच्या वर गेला की स्टॉपओव्हर. स्टॉपओव्हरला हॉटेल लागतं, कधी कधी तिकिटाचं भाडंही बदलतं. आज आपण फक्त लेओव्हरचं बोलतोय.

लेओव्हर टूर म्हणजे त्या थांब्यात विमानतळावरनं निघून, गाइडबरोबर बसमधून शहरातल्या चार-पाच प्रसिद्ध जागा बघून, वेळेत परत विमानतळावर.

सिंगापूरच्या चांगी विमानतळाची "फ्री सिंगापूर टूर" यातली सगळ्यात प्रसिद्ध. करोनाच्या काळात ती बंद पडली होती, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. टूर साधारण अडीच तासांची. अट अशी की तुमचा थांबा किमान साडेपाच तास आणि २४ तासांपेक्षा कमी असला पाहिजे. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्सची अशीच टूर आहे, "टूरइस्तंबूल" नावाची, तीही फुकट. तिथे थांबा ६ ते २४ तासांचा लागतो आणि प्रवास त्यांच्याच विमानानं हवा. दक्षिण कोरियाच्या इंचनला आहे, तैवानच्या तैपेईला आहे. दोह्यालाही ट्रान्झिट प्रवाशांसाठी टूर मिळते, पण ती पैसे देऊन.

[०४:००] फुकट का देतात बुवा?

कोकणातला माणूस फुकट म्हटलं की आधी संशय घेतो. घ्यावाच.

सिंगापूरचा नकाशा डोळ्यासमोर आणा. एवढासा देश. देशातल्या देशात विमानानं जाण्यासारखं अंतरच नाही. मुंबईला निम्म्याहून जास्त प्रवासी देशातलेच असतात, दिल्ली-बंगळुरूचे. चांगीला तसं गिऱ्हाईकच नाही. त्याचं पोट चालतं ते बाहेरून येऊन बाहेर जाणाऱ्यांवर. आणि मुंबईहून मेलबर्नला जाणाऱ्यासमोर सिंगापूर हा एकच रस्ता नाही. क्वालालंपूर आहे, बँकॉक आहे. मग तुम्ही आमच्याकडूनच का जावं? तर आमच्याकडे सात तास थांबलात तरी कंटाळा येणार नाही म्हणून.

दुसरं कारण तर आपल्याला चांगलंच माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये हापूसवाल्याकडे उभे राहिलात की तो आधी एक फोड कापून हातावर ठेवतो. ती फुकट असते. फोड खाऊन तुम्ही पेटी घ्याल, ही त्याची खात्री. अडीच तासांचं सिंगापूर ही ती फोड आहे. पुढच्या वेळी तुम्ही चार दिवसांसाठी याल, आईबाबांना घेऊन याल, हा हिशेब. म्हणून यात विमानतळ, विमान कंपनी आणि पर्यटन खातं असे तिघेही असतात.

यात फसवणूक काही नाही. पण एक लक्षात ठेवायचं: फोड नेहमी पेटीतल्या सगळ्यात चांगल्या आंब्याची असते. या मुद्द्यावर मी परत येणार आहे.

[०६:०५] पहिला हिशेब: पासपोर्ट

इंटरनेटवर लेओव्हर टूरचे जे व्हिडिओ तुम्ही बघता, त्यातले बरेचसे अमेरिकन किंवा युरोपियन पासपोर्टवाल्यांचे असतात. ते विमानातून उतरतात, शिक्का मारून घेतात आणि बसमध्ये बसतात. आपल्या निळ्या पासपोर्टचं तसं होत नाही.

विमानतळाच्या आत, ट्रान्झिट भागात, तुम्ही त्या देशात "शिरलेले" नसता. दुकानं फिरा, झोपा, नूडल्स खा, कुणी विचारणार नाही. पण टूरची बस बाहेर उभी असते आणि तिच्यापर्यंत जायचं तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं. म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश. टूर फुकट असली तरी प्रवेशाची परवानगी तुमची तुम्हालाच मिळवायची असते. गाइड त्यात काही करू शकत नाही.

सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो. पण एक सवलत आहे: ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय ट्रान्झिट. ती कुणाला? तर ज्यांच्याकडे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एखाद्या देशाचा वैध व्हिसा किंवा दीर्घकालीन परवाना आहे, त्याची मुदत किमान महिनाभर शिल्लक आहे आणि पुढचं पक्कं तिकीट हातात आहे. शिवाय सिंगापूरचं आगमन कार्ड प्रवासाआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं. ते भरायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा.

माझ्या बहिणीकडे ऑस्ट्रेलियाचा विद्यार्थी व्हिसा आहे. म्हणजे तिचं बसतं. पण समजा ती मेलबर्नऐवजी बालीला फिरायला चालली असती आणि यातला एकही व्हिसा तिच्याकडे नसता, तर त्याच विमानतळावर, तेवढाच थांबा असूनही, सिंगापूरचा व्हिसा आधी काढल्याशिवाय तिला बाहेर पडता आलं नसतं. आणि सवलतीत बसलात तरी प्रवेश द्यायचा की नाही हे शेवटी काउंटरवरचा अधिकारी ठरवतो.

इस्तंबूलचं आणखी वेगळं. तिथे भारतीयांना ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो तो अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा किंवा निवास परवाना असेल तरच. नाहीतर रीतसर व्हिसा. आणि हो, हे नियम बदलतात. मी आज सांगतोय ते सहा महिन्यांनी ऐकणाऱ्यानं त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर एकदा बघूनच निघायचं. कुणाच्याही पॉडकास्टवर, अगदी माझ्याही, विमान सोडायचं नाही.

आता यातली एक मेख. तिकीट एकच आहे की दोन? स्वस्त मिळतं म्हणून पुष्कळ पोरं मुंबई-सिंगापूर एका कंपनीचं आणि सिंगापूर-मेलबर्न दुसऱ्या कंपनीचं, असं वेगवेगळं बुकिंग करतात. काही अ‍ॅप तर दोन तिकिटं जोडून एकच असल्यासारखं दाखवतात आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात "सेल्फ ट्रान्सफर" लिहितात. अशा वेळी तुमची बॅग सहसा पुढे जात नाही. ती मधल्या विमानतळावर उतरवून घ्यायची आणि पुन्हा चेक-इन करायची. बॅग घ्यायची म्हणजे इमिग्रेशन ओलांडायचं. म्हणजे टूरला जायचं नसलं तरी व्हिसाचा प्रश्न आलाच. वर पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं, तर दुसरी कंपनी म्हणणार, आमचा काय संबंध?

म्हणून पहिल्या हिशेबाचे तीन प्रश्न: तिकीट एकच आहे का? बॅग थेट शेवटच्या गावापर्यंत जातेय का? बाहेर पडायची परवानगी माझ्या पासपोर्टला आहे का? तिन्हीला हो आलं तरच पुढे.

[०९:५०] दुसरा हिशेब: घड्याळ

साडेसात तास म्हणजे ४५० मिनिटं. ऐकायला भरपूर वाटतात. आता वजा करत जाऊ. आकडे माझे अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

विमान टेकल्यापासून दारातून बाहेर येऊन टूरच्या काउंटरपर्यंत चालत जायला ३० मिनिटं. विमानतळ म्हणजे आपलं एसटी स्टँड नव्हे, एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायलाच वेळ जातो. मग काउंटरवर नोंद, गट जमणं, इमिग्रेशन, याला ६० मिनिटं. टूर ठरलेल्या वेळेलाच सुटते, आणि त्या वेळा तुमच्या विमानाच्या सोयीनं ठरलेल्या नसतात. त्यामुळे थांबावंही लागू शकतं. टूर १५० मिनिटं. परत आल्यावर पुन्हा इमिग्रेशन आणि आत येणं, ४५ मिनिटं. आणि विमान सुटायच्या ६० मिनिटं आधी मी गेटजवळ असलोच पाहिजे, हा माझा स्वतःचा नियम. चांगीला बहुतेक ठिकाणी सुरक्षा तपासणी गेटपाशीच होते, म्हणून तर जास्तच.

बेरीज करा: ३० अधिक ६० अधिक १५० अधिक ४५ अधिक ६०. झाले ३४५. साडेचारशेतून वजा केले की उरले १०५ मिनिटं. ही तुमची गंगाजळी. आधीचं विमान तासभर उशिरा आलं तरी निभावतं.

पण गंमत बघा. टूरची किमान अट साडेपाच तासांची, म्हणजे ३३० मिनिटांची आहे. माझ्या हिशेबानं तेवढ्यात १५ मिनिटं कमीच पडतात! म्हणजे अट पूर्ण होतेय म्हणून जायचं, असं करू नका. विमानतळाची माणसं रोज हेच करतात, त्यांच्या वेळा बांधलेल्या असतात, म्हणून त्यांना ते जमतं. पण ते पहिलं विमान वेळेवर आलं तर. तुमच्या गंगाजळीत तासाभराच्या आतलं काही उरत असेल तर विमानतळावरच थांबा. चांगीच्या ज्वेल इमारतीतला ४० मीटरचा धबधबा प्रसिद्ध आहे, पण तोही इमिग्रेशनच्या बाहेर आहे बरं का. तेव्हा आतल्या बागा बघा आणि पाय पसरून झोपा.

गाइडबरोबर जाण्याचा खरा फायदा इथेच. एकटे गेलात तर टॅक्सी अडकली की घाम तुमचा. गटाबरोबर असलात तर बसवाल्याला परत यायची वेळ ठाऊक असते. पण अट एक: गटाला सोडायचं नाही. "पाच मिनिटांत त्या दुकानातनं येतो" म्हणणारा एक माणूस अख्ख्या बसला घोर लावतो.

[१२:२०] आणि विमान चुकलंच तर?

मावशीची भीती याचीच होती, म्हणून हे नीट सांगतो.

पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं आणि तिकीट एकच असेल, तर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी साधारणपणे कंपनीची असते. पण तुम्ही स्वतः शहर बघायला गेलात आणि वेळेत आला नाहीत, तर कंपनीच्या कागदावर तुम्ही "नो-शो". न आलेला प्रवासी. बऱ्याच तिकिटांत एक टप्पा असा चुकला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर तोसुद्धा. ऐन वेळी नवीन तिकीट काढायचं म्हणजे किती पैसे, ते सांगायला नको.

त्यात तुमची बॅग विमानाच्या पोटात गेलेली असते. माणूस न येता बॅग एकटी पाठवत नाहीत, ती शोधून उतरवतात. तोवर बाकीचे प्रवासी आत बसून घामाघूम. म्हणजे नुकसान तुमच्या एकट्याचं नसतं.

हे ऐकून मावशी म्हणाली, "बघ, मी काय सांगत होते?" आणि बहीण म्हणाली, "पण आपल्याकडे १०५ मिनिटं उरतायत ना?" दोघींच्या हातात आता एकच कागद होता, त्यामुळे भांडणाला निदान आकडे मिळाले. ठरलं असं: विमान वेळेवर उतरलं तर जायचं, ४५ मिनिटांहून जास्त उशीर झाला तर नाही. हा निर्णय घरी बसून घ्यायचा. तिथे उतरल्यावर, झोप झालेली नसताना आणि समोर टूरची पाटी दिसत असताना घ्यायचा नाही.

[१४:००] अडीच तासांत दिसतं काय?

आता जाऊन बघायचं काय? सिंगापूरच्या शहर टूरमध्ये मरिना बे आणि मरलायनचा परिसर हे हमखास. मरलायन म्हणजे वर सिंह, खाली मासा, तोंडातून पाण्याची धार. समोर तो फोटो सगळे काढतात.

हा प्राणी कुठल्या पुराणातला, असं तुम्हाला वाटेल. तर नाही. १९६४ मध्ये सिंगापूरच्या पर्यटन मंडळासाठी बोधचिन्ह म्हणून त्याचं चित्र काढलं गेलं. पुतळा उभा राहिला १९७२ मध्ये. आणि आज जिथे दिसतो तिथे तो २००२ मध्ये हलवलेला आहे. कारण पुढे पूल झाला आणि समुद्राकडून तो नीट दिसेना. म्हणजे आधी जाहिरात आली, मग ती खरी खूण झाली. समोर जे मरिना बे सँड्सचं तीन मनोऱ्यांवर गलबत ठेवल्यासारखं हॉटेल दिसतं, ते २०१० चं. ते समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर उभं आहे. चांगी विमानतळाचा बराच भागसुद्धा भराव घालूनच झालाय.

पण माशाचं धड का? कारण ते गाव मुळात मच्छीमारांचं, जुनं नाव तेमासेक, समुद्राकाठचं गाव अशा अर्थाचं. भाट्ये-राजिवड्याच्या माणसाला हे ऐकून आपलंच काहीतरी वाटतं.

म्हणून मी बहिणीला एकच प्रश्न दिला, गाइडला विचारायला: "इथे आधी काय होतं?" दहा स्थळांची यादी तुम्ही फोनवर वाचू शकता. पण हा प्रश्न विचारला की गाइड पाठ केलेलं बाजूला ठेवून बोलायला लागतो. मी म्हटलं ना, फोड सगळ्यात चांगल्या आंब्याची असते. बाकीची पेटी कशी आहे, ते या प्रश्नानं थोडं तरी कळतं.

[१६:१०] मुंबई: आपल्या हक्काचा लेओव्हर

आता घरचं. आपल्या जिल्ह्यातली किती माणसं आखातात आहेत, बोटीवर आहेत. दुबई-मस्कतहून पहाटे मुंबईला उतरायचं आणि कोकणकन्या रात्री. मधला अख्खा दिवस आपण कुठल्यातरी नातेवाइकांच्या सोफ्यावर काढतो. हा लेओव्हरच आहे. आणि याला ना व्हिसा लागत, ना कुणाची परवानगी.

परदेशी प्रवाशांना मुंबईतले खासगी टूरवाले विमानतळावरनं गाडीनं नेऊन काही तासांत गेटवे, सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, धोबीघाट दाखवतात, पैसे घेऊन. तुम्हाला तेवढं लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ ची भुयारी मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झालीय आणि विमानतळाच्या टर्मिनल २ वरून सीएसएमटीला सरळ जाता येतं. सामान मोठं असेल तर मात्र टॅक्सीच बरी. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवता येते, पण तिला कुलूप हवं आणि तुमच्याकडे गाडीचं तिकीट हवं. तुमची गाडी त्या दिवशी सीएसएमटीहूनच सुटतेय ना, हेही बघा. कामांमुळे कधी कधी ती ठाणे-पनवेलहून सोडतात.

मग पायी निघा. सीएसएमटी स्वतः १८८८ मध्ये पूर्ण झालेलं, वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स, २००४ पासून जागतिक वारसा. समोर महापालिकेची इमारत, तीही त्याचीच. तिथून हुतात्मा चौक. परदेशी पाहुण्याला गाइड सांगतो फ्लोरा फाउंटन, रोमन देवता, १८६४ चं कारंजं. आपल्यासाठी तो संयुक्त महाराष्ट्राचा चौक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथेच गोळीबार झाला. एकच चौक, दोन नावं, दोन गोष्टी. कुठली ऐकायला मिळेल, ते गाइड कुणाचा यावर ठरतं.

पुढे काळा घोडा आणि मग गेटवे. राजा पाचवा जॉर्ज १९११ मध्ये आला त्याची ती आठवण. पण तो आला तेव्हा ही कमान नव्हतीच, ती १९२४ मध्ये पुरी झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. राजाच्या येण्यासाठी बांधलेलं दार त्याच्या फौजेच्या जाण्यासाठी कामी आलं. एवढं डोक्यात ठेवून कमानीखाली उभे राहा, सेल्फी वेगळा येईल.

[१९:०५] रत्नागिरी चार तासांत

आणि समजा कुणाला आपल्याकडेच चार तास आहेत. सकाळची गाडी सोडून संध्याकाळची पकडायचीय, किंवा गणपतीपुळ्याहून येऊन रात्रीची गाडी आहे. आपल्याकडे टूरची बस नाही. आपला गाइड म्हणजे रिक्षावाला. तो काय करतो? "थिबा पॅलेस, टिळकांचं घर, पतितपावन, किल्ला, मांडवी, भाट्ये" अशी यादी घडाघडा म्हणतो आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. पाहुणा परत जातो तेव्हा त्याच्या फोनमध्ये शंभर फोटो आणि डोक्यात काहीच नाही.

मला विचाराल तर मी फक्त तीन जागा दाखवीन, एका धाग्यात ओवून.

पहिली, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान. २३ जुलै १८५६. दुसरी, थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं, मंडालेच्या राजवाड्यातून त्याला उचललं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा त्याच्यासाठी बांधून झाला १९१० च्या सुमारास. १९१६ मध्ये तो इथेच वारला, परत गेलाच नाही.

आता धागा. १९०८ मध्ये इंग्रजांनी टिळकांना राजद्रोहाची शिक्षा दिली आणि पाठवलं कुठे? मंडालेला. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत अडकलेला आणि रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या तुरुंगात. एकाच वेळी. १९१०-११ च्या त्या थंडीत टिळक तिकडे "गीतारहस्य" लिहीत होते आणि थिबा इकडे नव्या वाड्यात राहायला आला होता. साम्राज्यानं दोन माणसांची अदलाबदल केल्यासारखं. हे सांगितल्यावर पाहुणा वाड्याकडे निराळ्या नजरेनं बघतो. मी हे स्वतः पाहिलंय.

तिसरी जागा, जवळचाच थिबा पॉइंट. तिथून खाली काजळी नदी, भाट्येची खाडी, पूल आणि पलीकडे आमचं गाव. वेळ उरला तर पूल ओलांडून इकडे या. दीड किलोमीटरचा किनारा आहे, झरीविनायक आहे, १९५५ पासूनचं नारळ संशोधन केंद्र आहे. आणि "इथे आधी काय होतं" हा प्रश्न इथेही विचारा. खाडीच्या तोंडाशी गाळ कसा साचतो आणि होडी बाहेर काढायला भरतीची वाट का बघावी लागते, ते राजिवड्याचा मच्छीमार सांगेल. कुठल्याच माहितीपत्रकात ते नसतं.

घड्याळाचा हिशेब मात्र इथेही तोच. स्टेशन गावापासून लांब आहे, त्यामुळे परतीला अर्धा तास धरा आणि गाडीच्या आधी अर्धा तास फलाटावर. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, तेव्हा जुन्या वेळेवर जाऊ नका. आणि रिक्षावाल्याशी पैसे आधी ठरवा, जागा किती आणि थांबायचं किती, हेही आधीच.

[२२:३०] स्क्रीनशॉट काढा

ज्यांना थोडक्यात हवंय त्यांच्यासाठी:

१. तिकीट एकच आहे आणि बॅग थेट पुढे जातेय, याची चेक-इनच्या वेळीच खात्री करा.

२. बाहेर पडायची परवानगी तुमच्या पासपोर्टला आहे का, ते त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर निघायच्या आठवड्यात बघा.

३. थांब्यातून चालणं, इमिग्रेशन, टूर, परत येणं आणि गेटजवळचा एक तास वजा करा. तासाभराहून जास्त उरलं तरच जा.

४. किती उशीर झाला तर जायचं नाही, हे घरीच ठरवा.

५. पासपोर्ट, बोर्डिंग पास, चार्ज असलेला फोन आणि औषधं अंगावरच्या पिशवीत. बाकी काही न्यायचं नाही.

६. गट सोडायचा नाही.

७. गाइडला विचारायचा एक प्रश्न तयार ठेवा.

माझं मत विचाराल तर लेओव्हर टूरमध्ये शहर कळत नाही. शहराला स्वतःबद्दल काय सांगायचंय, ते कळतं. तेही थोडकं नाही. आणि ते ऐकून आलात की आपल्या गावात आलेल्या पाहुण्याला आपण काय सांगतो, इकडेही लक्ष जातं.

तुमच्या गावात कुणाकडे चार तास असतील तर तुम्ही कुठल्या तीन जागा दाखवाल, आणि धागा कुठला? व्हॉइस नोट पाठवा, एका मिनिटाच्या आतली. चांगल्या असतील त्या पुढच्या भागात ऐकवीन. मालवणवाल्यांनी फक्त मासे सांगू नयेत, ही आधीच विनंती.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.